महसूल मंत्री साहेब, पाण्याला सर्व्हे नंबर कुठला देऊ?

मा. महसूल मंत्री, कर्नाटक राज्य, यांस
रायबाग तालुक्यातून नमस्कार.

साहेब, माझा पणजोबा भोई. कृष्णेत जाळं टाकायचा, पावसाळ्यात नावेनं माणसं पलीकडं सोडायचा, घरात पक्कं माहीत आहे ते एवढंच. बाकी सगळं ऐकीव. आत्या म्हणते 1918 च्या तापाच्या साथीत गेला, चुलता म्हणतो छे, तो नरसोबाच्या वाडीला तरीवर, म्हणजे माणसं नदीपार नेणाऱ्या नावेवर, कामाला गेला आणि तिकडंच दुसरं घर केलं. दोघंही शपथेवर सांगतात हां, आणि त्यावरून दर दिवाळीला वाद.

म्हणून कागद शोधायला लागलो. शेतकऱ्याचा पणजोबा कागदावर सापडतो, उतारा आहे, फेरफार आहे, वारसाची नोंद आहे. आमच्या माणसाकडं गुंठाभर जमीन नव्हती, होतं ते जाळं आणि भोपळ्यांची सांगड. रेकॉर्ड रूमला गेलं की पहिला प्रश्न, सर्व्हे नंबर सांगा. नदीत मरळ आणि वांब धरून जगलेल्या माणसाचा सर्व्हे नंबर मी कुठून आणू?

त्यात आमची नदी म्हणजे तेव्हाची हद्द. अलीकडं रायबाग कोल्हापूर संस्थानात, पलीकडं अथणी इंग्रजांकडं, आणि पणजोबा सकाळी या काठाला, संध्याकाळी त्या. 1949 ला कोल्हापूर मुंबई राज्यात गेलं, 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात आलो, माणसं जागेवरच राहिली, दप्तरं मात्र फिरली. काही कोल्हापूरच्या पुरालेखागारात, काही बेळगावला, काही कुठल्या कपाटात देव जाणे.

एकदा जन्ममृत्यूचं जुनं बुक हातात आलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, मोडी अक्षर, सगळी ओळ सलग, माणसाचं नाव कुठं संपतं आणि बापाचं कुठं सुरू होतं तेच कळेना. समोरचे क्लार्क बिचारे भले होते, पण मोडी त्यांनाही येत नाही, मलाही नाही. दोघंही पानाकडं बघत बसलो. मग त्यांनी चहा मागवला.

कागदापेक्षा हेळव्यानं जास्त दिलं खरं तर. बैलावर बसून, घंटा वाजवत यायचे ते हेळवी, पिढ्यांची नावं घडाघडा सांगणारे. आता मोटरसायकलवर येतात, चोपडी मात्र तीच. त्याच्या चोपडीत आमच्या घराण्याचा एक फाटा वाडीकडं गेलेला दाखवलाय. म्हणजे चुलता बरोबर असेलही, आत्याला अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या खात्यानं भूसुरक्षा योजनेत जुनी कागदपत्रं स्कॅन करायला घेतलीत, हे मनापासून चांगलं काम आहे. फक्त ते जमिनीपुरतं ठेवू नका. जन्ममृत्यूची बुकं घ्या. तरींच्या लिलावाचे कागद घ्या, मुंबई इलाख्यात 1868 पासून तरींचा कायदा होता, मक्ता घेणाऱ्याचं नाव कुठंतरी लिहिलेलं असणारच, आणि जमीन नसलेल्या माणसाचं सरकारी कागदावर नाव यायचं तर ते अशाच ठिकाणी. आणि शोध सर्व्हे नंबरावर नको, गाव आणि नावावर द्या, नाहीतर भोई, कोळी, मजूर हे सगळे स्कॅन होऊनही हरवलेलेच.

मोडी वाचणारी माणसं लागतील. पलीकडं महाराष्ट्रात 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला मोडी वाचकांना कामाला लावलं, कोतवाल बुकांपर्यंत, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या बुकांपर्यंत, पानं तपासली, जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकली. तिथं आरक्षणाचं कारण होतं म्हणून झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. मला सर्टिफिकेट नको आहे, माणूस कोण होता ते बघायचंय. पण पद्धत तीच चालेल की, मोडी जाणणारे इकडं बेळगाव, निपाणीलाही मिळतील, मानधन तेवढं वेळेवर द्या.

हे पत्र मराठीत आहे. राज्यघटनेच्या 350 कलमानं ते चालतं, तेव्हा भाषेच्या कारणावरून परत पाठवू नये. उत्तर कन्नडमध्ये आलं तरी हरकत नाही, घरात पोरं वाचून दाखवतात.

आपला,
रायबाग तालुक्यातला एक मतदार