घरच्या क्लिपांना वेळेवर नावे द्यावीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंज, लग्न, गणपती यांचे चित्रीकरण आता घरोघरी मोबाइलवर होते आणि संकलनाची चांगली सॉफ्टवेअरे मोफत मिळतात. तरीही घरचे व्हिडिओ अर्धवट पडून राहतात, याचे कारण माझ्या मते क्लिपांची अव्यवस्था हे आहे. वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी वीस मिनिटांचा व्हिडिओ करायला मी बसलो, तेव्हा अकरा रात्री केवळ कोणती क्लिप केव्हाची आणि कुठली, हे शोधण्यात गेल्या.

पुष्कळ कॅमेरे फाइलींना ९९९९ पर्यंत क्रमांक देतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात, त्यामुळे दोन वेगळ्या समारंभांच्या क्लिपांचे नाव एकच असू शकते. पुतण्याच्या मुंजीतली मातृभोजनाची क्लिप आम्ही अशीच गमावली. नवे चित्रीकरण त्याच फोल्डरमध्ये उतरवताना संगणकाने जुनी फाइल बदलायची का असे विचारले आणि घाईघाईत मी होकार दिला. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपांचा दर्जा उतरलेला असतो, शिवाय नावातली तारीख चित्रीकरणाची असेलच असे नाही. म्हणून नातेवाइकांकडून मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्यावी.

व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले, त्यामुळे जुन्या कॅसेटींचे रूपांतर आता लांबणीवर टाकू नये. मात्र कॅसेट दुकानात देण्यापूर्वी तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवावा. आमच्या सहा कॅसेटी '१' ते '६' अशा नावांच्या फाइली होऊन आल्या, कव्हरांची अदलाबदल झाली होती आणि सगळ्या फाइलींवर तारीख रूपांतराच्या दिवसाची होती.

आता मी कार्ड रिकामे करतो त्याच दिवशी नावे घालतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०१९-०५-१२ असे लिहिले की फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. त्यापुढे गाव, प्रसंग आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक. हे सारे संकलन सुरू करण्यापूर्वीच उरकावे. संकलनाचे सॉफ्टवेअर सहसा क्लिप स्वतःजवळ घेत नाही, ती कुठे ठेवली आहे तेवढाच पत्ता लक्षात ठेवते. मी मध्येच फोल्डर नव्या हार्डडिस्कवर हलवले, तेव्हा जुळवलेल्या क्लिपांच्या जागी फाइल सापडत नसल्याची सूचना दिसू लागली आणि प्रत्येकीचा पत्ता नव्याने दाखवावा लागला. प्रत्येक प्रकल्पाच्या एकाच फोल्डरात मूळ चित्रण, आवाज, फोटो आणि तयार व्हिडिओ वेगवेगळे ठेवावेत आणि त्या संपूर्ण फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी असावी.

जागा वाचवण्यासाठी क्लिपा पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मान्य नाही. माझ्याकडे चाळीस सेकंदांची एक क्लिप आहे. कॅमेरा चुकून चालू राहिल्यामुळे तिच्यात केवळ शेणाने सारवलेली जमीन आणि कोपऱ्यात जात्याचा खुंटा दिसतो. पण मागे आजी ओवी म्हणते आहे आणि मध्येच थांबून कोणाला तरी 'पीठ भर गं' असे सांगते. आजीचा आवाज आमच्याकडे एवढाच आहे. तिचे नाव मी 'जमीन, आजीची ओवी' असे ठेवले, नाहीतर पुढची पिढी ती निरुपयोगी समजून काढून टाकील.

जिला 'पीठ भर' म्हटले ती कोण, हे घरात एकट्या थोरल्या आत्यालाच ठाऊक असावे. तिचे वय ८६ आहे. आपल्या पुरवणीतून या विषयाची माहिती उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी द्यावी, अशी कळकळीची विनंती आहे, कारण घरोघरची माणसे त्याच दिवसांत एकत्र येतात. आत्या मे महिन्यात आमच्याकडे येणार आहे आणि नावे न घातलेल्या दोनशे क्लिपा मी तिच्यासाठी एका फोल्डरात काढून ठेवल्या आहेत.

आपला,
एक वाचक, सांगली