पढवल्यासारखं बोलू नको

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी सांगायला लागलो की तू "हो बाबा, हो बाबा" करतेस, तेवढ्यात अभ्यासिकेतलं कोणीतरी मागून रागावते अन् तू फोन ठेवतेस. म्हणून कागदावर लिहितो. शेजारचा पोरगा उद्या अमरावतीला येऊन राहिला आहे, त्याच्याजवळ फाइल अन् ही चिठ्ठी देतो. फाइल त्याच्यासमोरच उघडून बघ, मग त्याला चहा पाज.

यवतमाळच्या जिल्हा न्यायालयातल्या क्लर्कच्या जागेसाठी तुझा पेपर झाला, मिनिटाला मराठी 30 अन् इंग्रजी 40 शब्दांचं टायपिंग झालं, आता तोंडी राहिली. गावात जो तो विचारतो, क्लर्कच्या मुलाखती तर सरकारनं बंद केल्या ना? त्यांचंही चूक नाही. एमपीएससीच्या लिपिक-टंकलेखकाला मुलाखत नाही, केंद्रानं तर 1 जानेवारी 2016 पासूनच खालच्या पदांच्या मुलाखती काढून टाकल्या. पण जिल्हा न्यायालयाचं तसं नाही. संविधानाच्या कलम 235 नं खालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं, त्यांची भरतीही त्यांच्याच देखरेखीत होते, म्हणून तिथं अजून उमेदवाराला समोर बसवून विचारतात. हे तुला माहीत असेलच, पण कोणी विचारलं तर अडखळू नको.

आता खरं सांगायचं ते. तुझ्यासमोर जी माणसं बसतील ती मास्तर नाहीत की कंपनीचे मॅनेजर नाहीत, न्यायाधीश आहेत. तू क्लासचे जे कागद मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले ते मी वाचले तेव्हा मला आपल्या कोर्टातले साक्षीदार आठवले. कोतवाल म्हणून माझी किती पंचनाम्यांवर सही आहे तुला माहीत आहे (आता आम्हाला महसूल सेवक म्हणतात अन् तलाठी भाऊसाहेब ग्राम महसूल अधिकारी झाले, गाव मात्र जुन्याच नावानं हाक मारते). कोर्टात पुकारा होईपर्यंत मागच्या बाकावर बसून मी दुसऱ्यांच्या साक्षी ऐकत असतो. एकदा एक आपल्यासारखाच शेतकरी पिंजऱ्यात उभा राहिला अन् म्हणाला, "सदर इसम दुचाकी वाहनाने भरधाव वेगाने आला असता मी तेथे नैसर्गिकरित्या हजर होतो." तोवर साहेब मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी पेन ठेवला, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं अन् विचारलं, "तुम्ही घरी असंच बोलता का?" सगळं कोर्ट हसलं. तो माणूस खरोखर तिथं होता, आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्या वाक्यानं त्याच्यावरचा विश्वास उडाला.

तुझ्या कागदावर काय आहे? "मी मेहनती, प्रामाणिक व ध्येयवादी असून मला लहानपणापासून न्यायदानाच्या क्षेत्राचे आकर्षण आहे." त्या दिवशी तुझ्याआधी आत जाणारीही हेच म्हणेल अन् तुझ्यानंतरचाही हेच म्हणेल, क्लास एकच. लहानपणी तुला आकर्षण होतं ते एसटीच्या कंडक्टरच्या पंचिंग मशीनचं. छंदात लिहिलं आहे, "वाचन, पोहणे." पोहणे? आपल्या नाल्यात पोळ्याच्या दिवशी बैल धुवायला गुडघाभर पाणी मिळत नाही. साहेबांनी विचारलं, कुठं शिकलात, तर काय सांगशील? ते आधी खोड.

त्याऐवजी आईच्या बचत गटाचं सांग. बारावीपासून ते रजिस्टर तू लिहितेस. दर महिन्याची बचत, कोणाला कर्ज दिलं, व्याज किती आलं, बैठकीचा ठराव, हजर बायांच्या सह्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे अन् अंगठ्यापुढं तुझ्या अक्षरात नाव. एका महिन्यात वीस रुपयांचा फरक येत होता. आई म्हणाली, "माझ्याजवळचे टाकते, मिटव." तू ऐकलं नाहीस. रात्री कंदिलासारखा तो मिणमिणता चार्जिंगचा दिवा घेऊन मागच्या पावत्या काढल्या, अन् एका बाईचा हप्ता दुसरीच्या नावापुढं चढला होता तो शोधून काढला. खाडाखोड न करता लाल पेनानं आडवी रेघ मारली, बाजूला बरोबर आकडा लिहिला अन् अध्यक्षबाईंची सही घेतली. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. क्लर्कचं काम आणखी वेगळं काय असते? त्यांनी "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की नाव, गाव, शिक्षण झालं की हेच सांग. चार वाक्यांत सांग, मग थांब. त्यांना आणखी पाहिजे असेल तर ते विचारतील.

बी.ए.नंतर काय केलं, हे नक्की विचारतील. "तयारी करत होते" एवढं म्हणून सोडू नको. सेतू केंद्रावर तू उत्पन्नाचे अन् रहिवासी दाखल्याचे अर्ज भरत होतीस, कोणता कागद कमी आहे ते लोकांना सांगत होतीस, शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत जेवायलाही उठत नव्हतीस. त्यात लाजायचं काही नाही. पगार किती होता हे विचारलं तर खरा सांग, वाढवून सांगू नको.

कोर्टात क्लर्क काय करतो हे पुस्तकात वाचलं असशील. मी डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. कोणी फायलिंगला, तिथं दावा दाखल होतो, कोर्ट फी बघतात, नंबर पडतो. कोणी कोर्टात साहेबांच्या खाली बसून बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसची यादी, अन् रोजनामा सांभाळतो, कोण हजर, काय झालं, पुढची तारीख कोणती. कोणी नकला विभागात, कोणी मुद्देमालाला, कोणी नाझरच्या, म्हणजे कोर्टाचा पैसा सांभाळणाऱ्याच्या हाताखाली, तिथंच समन्स बजावणारे बेलिफही. आता हे सगळं कॉम्प्युटरवरही चढवावं लागते, प्रत्येक केसला सोळा अक्षरी-आकडी सीएनआर नंबर असतो अन् माणसाला घरबसल्या मोबाइलवर तारीख दिसते. म्हणजे तुझ्या हातून एक आकडा चुकला तर कोणीतरी भलत्याच दिवशी मजुरी बुडवून कोर्टात येऊन बसेल.

मोबाइल नसलेलेही येतातच. मागं एक म्हातारी खिडकीशी उभी होती, दिराशी वाटणीचा दावा होता तिचा. "मायी तारीख कदी हाय व बाई?" असं तिसऱ्यांदा विचारत होती. मागं रांग, वकिलांचे कारकून घाईत. आतली क्लर्क मुलगी तुझ्याच वयाची असेल. तिनं म्हातारीच्या हातातला कागद घेतला, उलटा केला, मोठ्या आकड्यात तारीख लिहिली अन् विचारलं, "आजी, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी?" म्हातारी म्हणाली, बुधवारी. "मग पोळ्याच्या नंतरचा जो दुसरा बाजार येईल ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी या." म्हातारीनं बोटावर मोजलं अन् गेली. दुसऱ्या एका कार्यालयात, कोणत्या ते सोड, मी स्वतः कागद घेऊन उभा होतो तर "उद्या या" एवढंच ऐकायला मिळालं, अन् ते सांगणाऱ्यानं मानही वर केली नाही. "तुम्हाला ही नोकरी काहून पाहिजे" असं विचारलं तर पगार अन् पेन्शनचं नाकारू नको, कोणाला खोटं वाटेल. पण खिडकीच्या बाहेरची बाजू तुला माहीत आहे, हेही सांग. ते बाकीच्यांजवळ असेलच असं नाही.

तुझं गाइड जुनं आहे, बदल. कलमांचा सगळा गोंधळ आहे त्यात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये आहे. आपल्याकडं लोक चारसोबीस म्हणायचं सोडणार नाहीत, पण तू तिथं चुकू नको. दिवाणी अन् फौजदारीतला फरक, समन्स अन् वॉरंटमधला फरक, वादी-प्रतिवादी, वकालतनामा, लोकअदालत, हे आपल्या शब्दात सांगता आलं पाहिजे. नागपूरला 1936 पासून स्वतःचं हायकोर्ट होतं, 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला तेव्हा ते मुंबईचं खंडपीठ झालं. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालं. आपल्या अमरावतीचे गवई साहेब 14 मे 2025 ला देशाचे सरन्यायाधीश झाले, त्यांच्याआधी नागपूरचे बोबडे साहेब होऊन गेले. हे विदर्भातल्या पोरीला येत नसेल तर वाईट दिसेल.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याबद्दल विचारलं की सगळे उमेदवार एकच सांगतात, शेतकरी आत्महत्या. ते खरं आहे, लपवू नको. आपल्या गावातही झालं आहे अन् त्या घरी पंचनाम्याला मीच होतो. पण तिथंच थांबू नको. सोळा तालुके आहेत, पांढरकवडा अन् घाटंजीचा कापूस आहे, वणीचा कोळसा, टिपेश्वरचे वाघ, कळंबचा चिंतामणी, अन् 1963 ते 1975 मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक पुसदकडचे. उमरखेडला किंवा झरी-जामणीला नेमणूक दिली तर जाल का, हेही विचारतील. "हो" म्हणायचं असेल तर मनापासून म्हण. मी अन् आई बोललो आहोत, आमची काही अडचण नाही. खोली करून राहशील, अमरावतीत राहतेसच ना.

बोलताना "मले" निघालं तर घाबरू नको, वाक्य पुरं कर. मुद्दाम पुणेरी बोलायला गेलीस तर अडखळशील. येत नसेल तर "माहीत नाही, सर" म्हण अन् हात बांधून गप्प बस, अंदाजानं ठोकू नको.

आता एक गोष्ट जी तुला फोनवर सांगितली नाही. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर एक जण भेटला. "कोतवाल, पोट्टीचं नाव आलं म्हणते लिस्टमधी. सहा लाखात पक्कं करून देतो, अर्धे आधी." नाव-गाव सांगत नाही, पण माणूस पोहोचलेला होता, साहेबांची नावं घेत होता. आई दोन दिवस काही बोलली नाही, मग म्हणाली, धुऱ्याकडचं एक एकर कोणी घेते का पाहा. मी तिला हिशेब समजावून सांगितला. हा माणूस दहा जणांकडून पैसे घेतो. दहातले दोघं-तिघं आपल्याच गुणांवर लागतात, त्यांचे पैसे याच्या खिशात. बाकीच्यांना म्हणतो, यंदा वरून जमलं नाही, अन् अर्धे परत देतो नाहीतर तेही देत नाही. काही न करता कमाई. मी त्याला एवढंच विचारलं, "लिहून देता काय?" चहाचे पैसे न देताच उठला. तुझ्या खोलीवर किंवा फोनवर असं कोणी आलं तर 1064 वर फोन कर, लाचलुचपतवाल्यांचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत. अन् मला सांग.

कागदांचं. फाइलमध्ये टीसी, दहावी-बारावी अन् बी.ए.च्या गुणपत्रिका, टायपिंगची दोन्ही प्रमाणपत्रं, एमएस-सीआयटी, अधिवास, जातीचा दाखला अन् वैधता, हे सगळं मूळ लावलं आहे. मागं दोन-दोन झेरॉक्स, त्यावर तुझी सही तू कर. टीसीवर माझ्या नावापुढं "राव" आहे अन् आधारवर नाही, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून घेतलं आहे, ते पिवळ्या पाकिटात आहे. कोणी विचारल्याशिवाय काढू नको. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लग्न झालं नसलं तरी जाहिरातीत मागितलं आहे, म्हणजे द्यायचंच. दोन चारित्र्याचे दाखले, एक मुख्याध्यापक गुरुजींचा, एक डॉक्टरांचा.

कपड्याचं आई अन् मी भांडलो. ती म्हणते साडीच नेस. मी म्हणतो ज्यात तुला जिना चढताना पायाकडं पाहावं लागत नाही ते घाल. फिकट सलवार-कुर्ता चालतो. सकाळची गाडी पकडायच्या भानगडीत पडू नको, आदल्या दिवशी दुपारीच अमरावतीहून निघ अन् यवतमाळला आत्याकडं मुक्काम कर. तुला अर्धं तिकीट आहे तर गाडी चुकवायला काय कारण? आत्यानं सांगितलं आहे की तिच्या घरून कोर्टात ऑटोनं जाता येते, पण तू आदल्या संध्याकाळीच एकदा चालत जाऊन फाटक बघून ये.

इकडं कापूस फुटला आहे, वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून आई रोज शेतात आहे. तू येऊ नको, आली तर दोन दिवस वेचण्यात जातील. नाही झालं तर लिपिक-टंकलेखकाची जाहिरात येतेच, तिथं तर तोंडीची भीतीही नाही. झालं तर पेढे यवतमाळचे आण, घाटंजीचे सगळ्यांनी खाल्ले आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. नॉन-क्रिमीलेयरवरची तारीख पुन्हा एकदा बघ. 31 मार्चपर्यंतची मुदत असलेलं नवं वर लावलं आहे, जुनंही मागं राहिलं आहे. जुनं काढून ठेव, खिडकीवर घाईत तेच हातात येईल.