गिर्येची गोदी आणि माझा अडकलेला पगार : बंदरमंत्र्यांना खुलं पत्र

मा. बंदरे विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मराठा आरमाराची जहाजं जिथे यायची तिथे पुन्हा जहाजं बांधायची, ही कल्पना ऐकायला फार छान वाटते. विजयदुर्गापासून तीनेक किलोमीटरवर, वाघोटण खाडीत गिर्येची जुनी आरमारी गोदी आहे. खडक कोरून केलेली, सुमारे 109 मीटर लांब, 70 मीटर रुंद. आजची मोठी मालवाहू जहाजं दोनशे मीटरच्या पुढची, ती तिथे मावणार नाहीत हे शाळकरी पोरही सांगेल. पण गोदीच्या दगडाला हात न लावता खाडीकाठी ट्रॉलर, टग, बार्ज अशी लहान जहाजं दुरुस्त करणारा छोटा यार्ड, म्हणजे जहाजांचा कारखाना, काढता येईल. एवढीच माझी मागणी होती.

होती म्हणतो, कारण परवा मला एक पत्र आलं. मी एका खासगी यार्डात वेल्डर होतो. यार्ड दिवाळखोरीत गेला, पगार अडकला. यार्डाची देणी भागवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा लावला, तर त्या पत्रात उत्तर आलं: हजेरीकार्ड आणि पगारपत्रक जोडा. ते यार्डाच्या ऑफिसात आणि ऑफिसला सील! वर म्हणे, तुम्ही कंत्राटदाराचे. तळाच्या टाकीत उताणं पडून डोक्यावरचा जोड मारायचो, ठिणग्या कॉलरमधून आत जायच्या, तेव्हा नाही कोणी विचारलं मी कोणाचा ते. आता खांदा वर जात नाही, डाव्या डोळ्याला अंधुक दिसतं. दिवाळखोरीच्या कायद्याने कामगारांची 24 महिन्यांची थकलेली देणी तारणवाल्या बँकांच्या पंगतीला बसवली आहेत, म्हणजे पैसे वाटताना दोघांचा मान सारखा. वाढपी मात्र आमच्यापर्यंत पोचलेला नाही.

आणि आपलं 2025 चं जहाजबांधणी धोरण! 2030 पर्यंत 6,600 कोटींची गुंतवणूक, 40,000 नोकऱ्या. केंद्राने जहाजबांधणीसाठी जाहीर केलेले 69,725 कोटी वेगळेच. जगातली निम्मी जहाजं चीन बांधतो, भारत एक टक्कासुद्धा नाही, आणि ज्यांना जोड मारता येतो ते आखातात. माझा मुलगाही तिकडेच. मग 40,000 माणसं आणणार कुठून, साहेब? गिर्येला 4,000 मेगावॉटचा वीजप्रकल्पही येणार होता म्हणे, तो कागदावरच राहिला. 1756 साली इंग्रजांनी विजयदुर्गात मराठा सरदार तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं, तेव्हा पेशवे निदान उघडपणे इंग्रजांच्या बाजूने होते. आता कोण कोणाच्या बाजूने आहे, ते टेंडर उघडल्यावरच कळतं.

सबसिडीचा पहिला रुपया देण्याआधी एक अट घाला. कायम असो की कंत्राटी, प्रत्येक कामगाराची हजेरी आणि पगार यार्डाबाहेर, सरकारी कामगार कार्यालयातही नोंदला जावा. तेवढंही जमणार नसेल, तर आमच्या खाडीत यार्ड आणूच नका.

एक वेल्डर,
देवगड तालुका, सिंधुदुर्ग