प्रॉडक्ट ओनर म्हणजे निरोप्या नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यात आयटीत काम करणारे अनेक जण सध्या प्रॉडक्ट ओनरच्या प्रमाणपत्राची तयारी करत आहेत. ‘स्क्रम’ ही छोट्या टप्प्यांत उत्पादन तयार करण्याची पद्धत, आणि तिच्यात कोणते काम आधी करायचे ते ठरवणारा तो प्रॉडक्ट ओनर. टेस्टिंग किंवा बिझनेस ॲनालिसिसमध्ये काही वर्षे काढल्यावर ही पुढची पायरी वाटणे साहजिकच आहे. अडचण अशी, की अभ्यास होतो तो ठाणे-वाशी लोकलमध्ये, मोबाइलवर फिरत आलेल्या जुन्या प्रश्नसंचांवर. फी भरण्याआधी काही गोष्टी ठाऊक असाव्यात, म्हणून हे पत्र.

आधी कोणते प्रमाणपत्र हवे ते ठरवा. स्क्रम अलायन्स या संस्थेच्या ‘सीएसपीओ’साठी (सर्टिफाइड स्क्रम प्रॉडक्ट ओनर) त्यांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा वर्ग करावाच लागतो आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण असते. स्क्रम डॉट ऑर्ग या दुसऱ्या संस्थेच्या ‘पीएसपीओ-१’ला (प्रोफेशनल स्क्रम प्रॉडक्ट ओनर) वर्गाची सक्ती नाही आणि त्याची मुदतही संपत नाही. परीक्षा मात्र कडक: ६० मिनिटांत ८० प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी ८५ टक्के. म्हणजे ६८ उत्तरे बरोबर हवीत आणि एका प्रश्नाला जेमतेम ४५ सेकंद मिळतात. शुल्क २०० डॉलर आहे. तेव्हा क्लासच्या जाहिरातीत नुसते ‘प्रॉडक्ट ओनर सर्टिफिकेशन’ लिहिलेले असेल, तर यातले कोणते, हे पैसे देण्याआधी विचारा.

गुण जातात ते पाठांतर कमी पडल्यामुळे नव्हे. ऑफिसात जे बघतो तेच स्क्रम, असे धरून उत्तर दिल्यामुळे जातात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी प्रॉडक्ट ओनर म्हणजे क्लायंटचे म्हणणे टीमला आणि टीमची अडचण क्लायंटला सांगणारा निरोप्या. स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेत, तो उत्पादनाच्या मूल्याला जबाबदार असतो. प्रॉडक्ट बॅकलॉगचा, म्हणजे उत्पादनासाठी करायच्या कामांच्या यादीचा, क्रम तो लावतो. बॅकलॉगमधल्या गोष्टी लिहिण्याचे काम तो दुसऱ्याकडे देऊ शकतो, उत्तरदायित्व देऊ शकत नाही. एखादी गोष्ट किती मोठी आहे, याचा अंदाज मात्र डेव्हलपर्स बांधतात. तिथे ना प्रॉडक्ट ओनरचा शब्द अंतिम, ना मॅनेजरचा.

घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलांसाठी मेंटेनन्स भरायचे ॲप बनते आहे असे समजा. सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीत सेक्रेटरीला नोटीस बोर्ड आधी हवा, खजिनदाराला पावत्या. सोसायटीत हात वर करून ठराव होतो, स्क्रममध्ये तसे होत नाही. प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, कमिटी नव्हे. दोघांचे ऐकून घेऊन क्रम तीच व्यक्ती ठरवते आणि ज्याला तो बदलायचा आहे त्याने तिलाच पटवायचे. याच ॲपवर उद्या तीन टीम बसल्या तरी प्रॉडक्ट बॅकलॉग एकच आणि प्रॉडक्ट ओनरही एकच. परीक्षेत हा मुद्दा वेगवेगळ्या शब्दांत फिरून येऊ शकतो.

स्प्रिंट, म्हणजे कामाचा जास्तीत जास्त एक महिन्याचा ठरावीक टप्पा, संपायला दोन दिवस उरलेत आणि पावत्यांचे काम ‘९० टक्के झाले’ आहे. काय करायचे? ऑफिसात ते रिव्ह्यूमध्ये, म्हणजे स्प्रिंटअखेर झालेले काम पाहण्याच्या बैठकीत, दाखवून टाळ्या घेतल्या जातात. गाइडनुसार जे ‘डेफिनिशन ऑफ डन’मध्ये (काम पूर्ण झाले म्हणण्याचे ठरलेले निकष) बसत नाही ते रिलीज होत नाही आणि रिव्ह्यूत दाखवायचेही नाही. ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये परत जाते. पुढच्या स्प्रिंटमध्ये आपोआप सरकत नाही. त्याचा क्रम पुन्हा लागतो. उलट जे पूर्ण झाले आहे ते स्प्रिंट संपण्याआधीही देता येते, त्यासाठी रिव्ह्यूच्या परवानगीची गरज नाही. स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा, आणि तोही स्प्रिंट गोल (त्या स्प्रिंटचे उद्दिष्ट) कालबाह्य झाला तर. काम रखडले किंवा डेव्हलपर आजारी पडला, ही कारणे त्यात बसत नाहीत.

जुन्या नोट्स का नकोत? सध्याचे गाइड नोव्हेंबर २०२० चे आहे. २०१७ च्या आवृत्तीत ‘डेव्हलपमेंट टीम’ होती आणि तिच्यात ३ ते ९ जण असत. आता सगळी मिळून एकच स्क्रम टीम, साधारण १० किंवा त्याहून कमी जणांची. डेली स्क्रम या रोजच्या छोट्या बैठकीतले ‘काल काय केले, आज काय करणार, अडथळा काय’ हे तीन प्रश्न गाइडमधून गेले, प्रॉडक्ट गोल (उत्पादनाचे दूरचे उद्दिष्ट) नव्याने आला. संस्थेची ठरलेली ‘डेफिनिशन ऑफ डन’ नसेल तर पूर्वी ती डेव्हलपमेंट टीम ठरवायची, आता पूर्ण स्क्रम टीम ठरवते. २०१९ चा प्रश्नसंच घोकणारा इथेच फसतो.

वेळेच्या मर्यादा पाठ हव्यातच: एक महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग जास्तीत जास्त ८ तास, रिव्ह्यू ४, आणि काम कसे झाले याचा आढावा घेणारी रेट्रोस्पेक्टिव्ह ३. स्प्रिंट लहान असेल तर या बैठका सहसा लहान होतात, एवढेच गाइड म्हणते. दोन आठवड्यांना निम्मे तास असा नियम त्यात नाही. डेली स्क्रम मात्र कायम १५ मिनिटे.

अभ्यासाला गाइड पुरेसे छोटे आहे आणि फुकट मिळते. तीन वेळा वाचा. तिसऱ्या वेळी प्रत्येक वाक्यापुढे ‘हे कोण करतो’ एवढेच लिहीत जा. स्टोरी पॉइंट, व्हेलॉसिटी, युजर स्टोरी हे ऑफिसात रुळलेले शब्द त्यात सापडणार नाहीत. वापरायला हरकत नाही, पण ‘स्क्रममध्ये हे बंधनकारक आहे का’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’. नंतर एव्हिडन्स-बेस्ड मॅनेजमेंट गाइड या स्क्रम डॉट ऑर्गच्या, मूल्य मोजून निर्णय घेण्याविषयीच्या पुस्तिकेतली मूल्याची चार क्षेत्रे नीट समजून घ्या, कारण नुसते स्क्रम गाइड वाचून बसणाऱ्यांचा हा भाग कच्चा राहतो. स्क्रम डॉट ऑर्गवरची ‘प्रॉडक्ट ओनर ओपन’ ही सराव चाचणी मोफत आहे. तीत सलग काही वेळा पैकीच्या पैकी मिळेपर्यंत २०० डॉलर भरू नका. प्रश्नातले ‘मस्ट’, ‘शुड’, ‘नॉट’ हे शब्द थांबून वाचा. घाईत सुटतात ते हेच.

आणि या परीक्षांना आपली माणसे बसवणाऱ्या कंपन्यांना एक विनंती: पास होऊन आलेल्याला बॅकलॉगचा क्रम लावण्याचा अधिकार खरोखर द्या, आणि डिलिव्हरी मॅनेजरने तो परस्पर बदलू नये.

आपले,
या परीक्षेची तयारी करून घेणारे काही जण
ऐरोली, नवी मुंबई