पन्नी (प्लास्टिकची पिशवी) बंद : बाजारातल्या सर्व दुकानदार सभासदांसाठी

मागच्या बैठकीत ठरलं होतं तेच पुन्हा लिहितो, कारण रविवारच्या बाजारात अर्ध्या दुकानांत पातळ पन्नी दिसलीच. सांभाराची (कोथिंबिरीची) दोन रुपयांची जुडीसुद्धा पन्नीत! बाजार उठल्यावर नालीजवळ गाई ती पन्नी सांभाराच्या देठांसकट चघळत होत्या.

राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर 2018 पासून बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर दंड 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000. 'जाड आहे, चालते' असं ठोकमधला माल देणारा सांगेल, ऐकू नका. दंड तो भरणार नाही.

किराणावाल्यांनी कोऱ्या कागदाचे पुडे सुरू करावेत. तेल-तूप गिऱ्हाइकाच्या डब्यात. तर्री-पोहेवाल्यांनी थर्माकोलच्या प्लेटा बंद करून पळसाचे द्रोण घ्यावेत. गावातल्या बाया लावून देतात, फक्त दोन दिवस आधी सांगा. तर्री गळते ही तक्रार खरी आहे, त्यावर दोन द्रोण एकात एक ठेवणे हाच उपाय.

जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्या मंडळाच्या खोलीत आहेत. शनिवारी संध्याकाळी सहानंतर घेऊन जा. उरलेली पन्नी तिथंच जमा करा, जाळू नका.