खिडकी काढण्याआधी पाणी कुठून येतं ते बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत नुकतंच एकांनी लिहिलं होतं, की जुन्या लाकडी खिडक्या फुगतात, कुजतात, पुन्हा पुन्हा खर्चात पाडतात. तेव्हा एकदाच सगळ्या काढाव्यात आणि नव्या बसवून मोकळं व्हावं. मी सुतार आहे. वडिलांच्या हाताखाली रंधा धरायला शिकलो आणि आजही माझं बरंचसं काम दारं-खिडक्यांच्या दुरुस्तीचंच असतं. पत्रलेखकांचा वैताग मला समजतो, रोज तो लोकांच्या तोंडून ऐकतो. उपाय मात्र पटला नाही.

खिडकी अख्खी खराब होणं फार क्वचित घडतं. ती एका जागी खराब होते, आणि ती जागा बहुधा ठरलेली असते: झडपेची सर्वांत खालची आडवी पट्टी आणि तिचे दोन कोपरे. काचेवरून ओघळलेलं पाणी तिथे येऊन थांबतं. काचेच्या कडेची पुट्टी तडकलेली असेल तर ते मागच्या खाचेत शिरतं आणि तिथून सांध्यात, कुसवापर्यंत (एका पट्टीचं दुसरीत बसणारं टोक). कापलेल्या तोंडाकडून लाकूड फार भराभर पाणी ओढतं. बाजूने तितकं ओढत नाही. म्हणून वरची पट्टी खणखणीत आणि खालची भुसा झालेली, असं चित्र दिसतं. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल लागते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढू शकत नाही. म्हणजे लाकूड जुनं झालं म्हणून कुजलं असं नसतं, ते ओलं राहिलं म्हणून कुजतं.

एका घरी मला झडपा उतरवायलाच बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, "दादा, कंत्राटदार सांगून गेलाय, यात काही राम नाही. तुम्ही फक्त काढून द्या." मी टोच्या घेतला आणि खालच्या कोपऱ्यात दाबला. मुठीपर्यंत आत गेला. चार बोटं वर दाबला तर टोक रुतेना. तिथून वरचं सगळं लाकूड गाभ्याचं, दाट रेषांचं होतं. तसं लाकूड आज मिळवायचं म्हटलं तर वखारीत शोधत बसावं लागतं. ते भंगारात घालायचं माझ्या जिवावर आलं. बाईंना टोच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्हीच दाबून बघा. त्यांनी सगळ्या झडपा एकेक करून दाबून पाहिल्या. नरम जागा मोजक्या, त्याही सगळ्या खालच्या कोपऱ्यांत.

कुजका भाग कापताना कंजुषी करू नये. घट्ट लाकूड लागेपर्यंत, आणि त्याच्याही थोडं पुढे जावं. काप तिरका घ्यावा, बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे जोडावर पाणी बसत नाही. नवा तुकडा शक्यतो त्याच जातीच्या, पूर्ण सुकलेल्या लाकडाचा घ्यावा आणि रेषा जुन्या लाकडाच्या दिशेनेच ठेवाव्यात. रेषा आडव्या गेल्या तर दोन्ही लाकडं वेगवेगळी फुगतात आणि जोड उकलतो. सरस पाण्याला दाद न देणारा हवा. छोटी पोकळी इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या लांबीने) भरली तरी चालते, पण ओल्या लाकडावर नाही. आधी ते सुकू द्यावं, त्याला लागतील तितके दिवस लागू देत. घाई तिथेच नडते.

पुट्टीचं काम तर बहुतेक जण दोन मिनिटांचं समजतात. काच बसवायची खाच आधी खरवडून साफ करावी आणि तिला तेलाचा प्रायमर द्यावा. कोरडं लाकूड पुट्टीतलं जवसाचं तेल पिऊन टाकतं, मग राहते ती नुसती खडूची भुकटी, आणि ती तडकणारच. काच खाचेच्या मापाची तंतोतंत कापू नये, चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर सूट ठेवावी. पुट्टीवर साय धरेपर्यंत थांबावं, मग रंग द्यावा, आणि तो रंग पुट्टीच्या कडेवरून दोन मिलिमीटर काचेवर येऊ द्यावा. रंगारी काच स्वच्छ दिसावी म्हणून तेवढी कड पात्याने खरवडून काढतात. पाण्याला अडवणारी तीच तर कड असते.

आता त्या बाईंच्या घरचं खरं दुखणं. सगळे तुकडे बसवून झाल्यावरही मला चैन पडेना, कारण एकाच भिंतीच्या खिडक्या कुजल्या होत्या. शिडी लावून छज्जाखाली पाहिलं. छज्जाच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेपासून थोडी आत, लांबीभर एक बारीक खाच कोरलेली असते. पाणी कडेवरून वळून खालच्या अंगाला चिकटतं आणि भिंतीकडे सरकू लागतं. वाटेत ही खाच आली की थेंब तिथे सुटून खाली पडतो. या घरात मागच्या रंगकामात ती खाच गिलाव्याने आणि रंगाने बुजवून सपाट केली होती. दिसायला छान, पण सगळं पाणी सरळ खिडकीच्या माथ्यावर. खाच मोकळी केली. नव्या खिडक्या बसवल्या असत्या तरी पाणी त्यांच्यावरही असंच आलं असतं, आणि चौकटीच्या फटीतून घरात शिरलं असतं.

हाच प्रकार सिलिकॉनचा. ओल दिसली की नळी आणायची आणि दिसेल ती फट बुजवायची, हा उद्योग घरोघरी चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने छोटी भोकं असतात. ती पट्टीत साचलेलं पाणी बाहेर सोडण्यासाठी असतात. मी ती सिलिकॉनने बंद केलेली पाहिली आहेत, आणि मग "खिडकी गळते" म्हणून बोलावणं येतं. भोकं धुळीने तुंबली असतील तर तार घालून मोकळी करावीत, तांब्याभर पाणी पट्टीत ओतून ते बाहेर पडतंय का बघावं. एवढ्यावरच अनेक खिडक्या गळायच्या थांबतात. सरकायला जड झाली असेल तर आधी पट्टीतली माती काढावी, मग खालची चाकं पाहावीत. चाकं झिजतात आणि ती बदलता येतात, अख्खी झडप बदलण्याचं कारण नाही. आणि ज्या जागी पुढे रंग द्यायचा आहे तिथे साधं सिलिकॉन लावू नये, त्यावर रंग धरत नाही.

लोखंडी खिडकीची काच कडेपासून आपोआप तडकली तर दगड कोणी मारला ते शोधू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काचेला कडेने दाबत राहतो. तिथे नुसती काच बदलून भागत नाही. गंज घासून, लोखंड उघडं करून, गंजरोधक प्रायमर देऊनच नवी काच लावावी.

झडप अडकते ही तक्रार पावसात जास्त. कृपा करून भर पावसात रंधा मारून घेऊ नका. लाकूड तेव्हा फुगलेलं असतं. सुकलं की तीच झडप चौकटीत ढिली होते आणि फटीतून वारा येतो. आधी बिजागरीचे स्क्रू पाहावेत. ते सैल होऊन झडप खाली झुकलेली असते. स्क्रू काढावा, भोकात सरस लावून लाकडाची खुंटी ठोकावी, सुकली की तासून सपाट करावी आणि स्क्रू पुन्हा पिळावा. एवढ्यानंतरही अडकली तर खडू फासून कुठे घासते ते बघावं आणि कोरडे दिवस आल्यावर तेवढीच जागा तासावी.

ज्यांना हे घरी करायचं आहे त्यांना एक कळकळीची विनंती. फुटकी काच उघड्या हाताने ओढू नये. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या, आणि तुकडे काढायला सुरुवात वरून. खालून काढलं तर वरचा तुकडा मनगटावर येतो. चार मिलिमीटरची काच चौरस मीटरला दहा किलो भरते, म्हणून मोठी काच एकट्याने उचलू नये. फार जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. वरच्या मजल्यावर बाहेर झुकून करायचं काम असेल तर ते सरळ माणूस बोलावूनच करावं. दाराला लागून किंवा जमिनीलगत असलेली काच बदलताना टफन्ड (तापवून मजबूत केलेली) काचच घ्यावी, आणि माप आधी नीट घ्यावं, कारण ती तयार झाल्यावर कापता येत नाही.

जुन्या घरांत कधी कधी लहरी असलेली काच सापडते, पलीकडचं झाड किंचित हलल्यासारखं दिसतं. काच वर्षानुवर्षं खाली वाहते म्हणून तसं होतं, असं लोक सांगतात. ते खरं नाही. ती जुन्या पद्धतीने बनवलेली काच आहे. वितळलेल्या कथिलावर काच पसरवून सपाट करण्याची रीत 1959 मध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर लहरी काच बाजारातून जवळजवळ गेली. धड असेल तर ती पुट्टी हळूहळू काढून जपून उतरवा आणि त्याच जागी परत लावा.

सगळ्याच खिडक्या वाचतात असं मी म्हणत नाही. चौकट वाळवीने आतून पोखरली असेल, किंवा उभ्या पट्ट्याच नरम झाल्या असतील, तर मी स्वतःच बदला म्हणून सांगतो. दुहेरी काचेच्या मध्ये वाफ धरली असेल तर ती पुसून जात नाही, कारण कडेचं सील गेलेलं असतं. पण तिथेही काचांची जोडी तेवढी बदलतात, चौकट तीच राहते.

महोदय, आपल्या पुरवणीत नव्या खिडक्यांच्या जाहिराती भरपूर असतात. दर पावसाळ्याआधी एक कोपरा जुन्या खिडक्या तपासण्यासाठीही द्यावा, एवढीच मागणी आहे. चित्रं हवी असतील तर मी काढून पाठवीन. छज्जाची खाच कुठे असते आणि तिरका काप कसा घ्यायचा, हे शब्दांपेक्षा आकृतीत लवकर कळतं.

आपला,
दारं-खिडक्यांचं काम करणारा एक वाचक