सोलापूरच्या माळरानांना कायद्याचे संरक्षण द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सोलापूरला डोंगर नाहीत, घनदाट जंगल नाही. इथले ट्रेकर शनिवारी रात्रीची गाडी पकडून सह्याद्री गाठतात. पण बाराही महिने आम्ही ज्या रानात हिंडतो, सायकली घालतो, दुर्बीण लावून बसतो, ते रान म्हणजे नान्नज, मार्डी, कारंबा, अकोलेकाटीकडचे माळ. या माळांपैकी जे माळढोक पक्ष्यासाठीच्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, त्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे, एवढ्यासाठी हे पत्र.

माळढोक अभयारण्य 1979 चे. तेव्हा त्याची हद्द 8496 चौरस किलोमीटर धरली गेली. त्यात गावे आली, पिकाखालची शेते आली. जमिनीचे व्यवहार अडले, परवानग्या रखडल्या. माळढोकाचे नाव काढले की शेतकरी चिडायचा, आणि त्याचा राग वाजवी होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने हद्द सुमारे 1222 चौरस किलोमीटरवर आणली गेली. शेतकरी सुटला, हे चांगलेच झाले. पण वगळलेल्या भागात जे खरोखरचे गवताळ माळ होते, तेही त्याच्याबरोबर उघडे पडले. त्यांचा वेगळा विचार कोणी केलाच नाही.

माळढोक एका वेळी बहुधा एकच अंडे घालतो, तेही उघड्या जमिनीवर. देशात आता जेमतेम दीडशेच्या आसपास पक्षी उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसला तर बातमी होते. म्हणून काही जण विचारतात, ज्याच्यासाठी अभयारण्य केले तोच नाही, मग माळ राखायचा कशाला? साहेब, एप्रिलच्या उन्हात या माळावर एकदा या. माळटिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. मातकट, काळसर ठिपक्यांची, खड्यांत अशी मिसळलेली की दोन हातांवरून दिसत नाहीत. मादी ओरडत अंगावर येते, तेव्हा कळते की आपण घरट्यापाशी पोचलोय. त्याच मुरमावरून डंपर जातात. धाविक पक्षी इथलाच, चंडोल इथलाच. हिवाळ्यात परदेशातून आलेले भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी रात्री याच गवतात जमिनीवर मुक्काम करतात. काळवीट, खोकड आणि लांडगा इथले कायमचे रहिवासी. लांडगा तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, पण तो ज्या माळावर पिल्ले वाढवतो त्या माळाची नोंद अनेकदा पडीक म्हणून असते.

पडीक म्हटले की जमीन मोकळीच असल्याचे गृहीत धरले जाते. मग मुरूम उपसला जातो, वीजवाहिन्या ओढल्या जातात. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. तारांना धडकून तो मरतो, हे सर्वोच्च न्यायालयासमोरही आले आहे. शेतीला सौर वीज देणाऱ्या सौर कृषिवाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी, गायराने घेतली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हे आम्हालाही मनापासून हवे आहे. जागा निवडताना जिवंत माळ तेवढा वगळा. चांगल्या हेतूनेही नुकसान होते. माळावर चर खणून गिरिपुष्प लावले की गवत जाते, आणि गवताबरोबर गवतातले सगळेच जाते. मारवेल आणि पवन्या या गवतांवर मेंढरे जगवणाऱ्या धनगरालाही त्या झाडांचा काही उपयोग नाही.

उपाय कायद्यातच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 36 अ खाली शासन स्थानिकांशी विचारविनिमय करून सरकारी जमिनीवर संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर करू शकते. अभयारण्याला लागून असलेल्या आणि दोन क्षेत्रांना जोडणाऱ्या जमिनींसाठीच ही तरतूद मुख्यतः आहे. यात राहणाऱ्या लोकांचे हक्क जात नाहीत आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी बसतो. सोलापूरकरांनी 8496 चौरस किलोमीटरचा अनुभव घेतला आहे, म्हणून आम्हाला हाच मार्ग योग्य वाटतो. येवल्याजवळ ममदापूरला काळविटांसाठी असे क्षेत्र झाले, तिलारीला 2020 मध्ये झाले. मग उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळ्यातल्या माळांना का नाही? वन विभागाने हे तुकडे मोजावेत, ग्रामसभांपुढे ठेवावेत आणि प्रस्ताव राज्य वन्यजीव मंडळाकडे न्यावा. तोवर तिथला मुरूम उपसा आणि वृक्षलागवड थांबवावी.

हे पत्र खुले ठेवले, कारण ते माझ्यासारख्या रानात फिरणाऱ्यांनीही वाचायला हवे. सायकल ग्रुप, ट्रेकर, पक्षीनिरीक्षक, कॅमेरेवाले मित्रांनो, या माळाने आपल्याला कितीतरी सकाळी दिल्या. आता आपल्या पक्षीनोंदी तारीख आणि ठिकाणासह वन विभागाकडे द्या. आपापल्या नावाने, आपापल्या शब्दांत मंत्रालयाला निवेदन पाठवा. ग्रामसभेत हा विषय निघेल त्या दिवशी गावात हजर राहा, आणि मेंढपाळाचे म्हणणे आधी ऐकून घ्या. विणीच्या काळात माळावर गाड्या घालू नका, घरट्याभोवती गर्दी करू नका.

साहेब, पाहणीची तारीख ठरवा. नोंदी, नकाशे घेऊन आम्ही नान्नजला हजर राहू.

आपला,
सोलापूरचा एक माळरानप्रेमी